चालत जाण्याइतक्या अंतरावर

रविवार, ४ तारीख

हॉटेल ठरवण्यासाठी गेल्या महिन्यात एका सकाळी मी जे केलं, ते ऐकून बायको अजून हसते. दुकानातून सुट्टी काढली, पहिल्या गाडीनं एकटाच इथे आलो आणि थीम पार्कजवळची म्हणवणारी तिन्ही हॉटेलं पायाखाली घातली. प्रत्येकाच्या पायरीपासून पार्कच्या फाटकापर्यंत चालून पाहिलं. जाहिरातीत सगळेच ‘चालत जाण्याइतक्या अंतरावर’ असं छापतात, पण कुणाच्या चालीनं ते छापत नाहीत. उभं आयुष्य शिलाई मशीन चालवण्यात गेलं, आता उजवा गुडघा पुढे जायला राजी नसतो. एका हॉटेलच्या वाटेत चढ, दुसऱ्याच्या वाटेत धावता रस्ता. तिसरं मात्र पार्कच्या मागच्या अंगाला. कुंपणाच्या कडेनं, झाडांच्या सावलीतून एक पाऊलवाट थेट मागच्या फाटकाशी जाते. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. तेच ठरवलं. बायको म्हणाली, मला बघायला आलात तेव्हा तरी एवढी चौकशी केली होती का?

तिला खरं कारण सांगितलं नाही. गेल्या सुट्टीत माझा साडू आमच्या मुलीला अशाच एका पार्कात घेऊन गेला होता. भिंगरी म्हणतो आम्ही तिला, एका जागी ठरत नाही म्हणून. परत आल्यावर आठवडाभर काका असे ओरडले, काका तसे भिजले. आणि शेवटी म्हणाली, बाबा असते तर बाकावर बसून पिशव्या सांभाळत बसले असते. मीही सगळ्यांबरोबर हसलो. पण साडूचं नाव निघालं की अजून घास गोड लागत नाही. या खेपेला तिच्या आठवणीत मी असेन.

आज पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, फिनेलचा वास. खिडकीतून पार्कमधला आकाशपाळणा दिसतो. संध्याकाळी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, इतकं सुख दिल्याबद्दल आभार मानले.

सोमवार, ५ तारीख

गुडघा दगा देऊन बसला. सकाळी उतरताना जिन्यातच कळ आली, पाय टेकवेना. काउंटरवरच्या बाईंनी तिघांसाठी तीन कापडी मनगटपट्टे दिले. त्यावर खोलीचा क्रमांक असतो, तो दाखवला की फाटकातून आत सोडतात. त्यांनी एक बजावलं, जो पार्कात जाणार नसेल त्याचा पट्टा काउंटरवर परत द्यायचाच.

मायलेकींना मी पाऊलवाटेच्या तोंडापर्यंत लंगडत सोडलं. माझा पट्टा हातातच होता. परत देऊन तो ड्रॉवरमध्ये पडून राहणार. त्यापेक्षा कुणा गरजवंताच्या लेकराला आत जायला मिळू दे, असा विचार मनात आला. वाटेच्या तोंडाशी छत्र्या अडकवायच्या खुंट्या आहेत, त्यातल्या एकीवर तो अडकवून आलो. आपल्या वाट्याचं वाया जाऊ नये, ही आईची शिकवण.

दोघी संध्याकाळी भिजून, हसत आल्या. भिंगरी गळ्यात पडून म्हणाली, बाबा, तुम्ही पाण्याच्या घसरगुंडीवर काय ओरडलात! मला वाटलं चेष्टा करते आहे. मीही हसलो.

मंगळवार, ६ तारीख

आजही खोलीतच. शेकून सूज थोडी उतरली. दुपारी खिडकीशी बसलो होतो. आकाशपाळण्याचा एक डबा खाली येताना त्यात ही दिसली, तिची पिवळी ओढणी लांबूनही ओळखू येते. शेजारी भिंगरी. आणि दोघींच्या मध्ये एक पुरुष, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ही म्हणाली, तुमचं आपलं काहीतरीच, तुम्हीच तर होतात. मग पर्समधून राइडवर काढलेला फोटो दाखवला. त्यात मीच. तोंड उघडं, डोळे मिटलेले, खदखदून हसणारा. अंगात माझा निळा चौकटीचा शर्ट, जो मी स्वतः शिवला आणि जो इथे कपाटात हँगरवर आहे. शिंप्याची नजर आधी कपड्यावर जाते. माझ्या अंगावर तो काखेत ओढतो. त्याच्या अंगावर कुठेच ओढत नव्हता.

त्याच्याइतकं मी कधी हसलो होतो का, ते आठवत बसलो.

बुधवार, ७ तारीख

सकाळी काउंटरवर गेलो. पट्टा खुंटीवर अडकवल्याचं सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. म्हणाल्या, परत द्यायचा असतो साहेब, टांगायचा नसतो. मी विचारलं, का. त्या पाऊलवाटेकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, इथून चालत जाता येतं, तसं तिथून चालत येताही येतं. आणि रजिस्टरात डोकं घातलं.

खुंटीवर पट्टा नव्हता.

गुरुवार, ८ तारीख

मी निघायची गोष्ट काढली. भिंगरी रडली. ही म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही असे मोकळे झालात आणि आता घरी काय जायचं? ‘असे’ म्हणजे कसे, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मग दोघी माझ्याकडे न बघताच तयार झाल्या. हिनं केसांत क्लिप लावताना आरशात दोनदा पाहिलं. माझ्यासाठी कधी —

खिडकीतून पाहिलं. तो वाटेच्या तोंडाशी उभा होता. भिंगरी धावत गेली. लंगडत नव्हता तो. त्यानं तिला उचलून गरकन फिरवलं. मी भिंगरीला शेवटचं कधी उचललं?

भीती वाटायला हवी होती. वाटली ती आग. साडूवर जळत होतो ते याच्यापुढे काहीच नाही.

शुक्रवार, ९ तारीख

आज ठरवलं, त्याच्या आधी मीच जायचं. गुडघा घट्ट बांधला, काउंटरवरून दुसरा पट्टा मागून घेतला आणि दोघींच्या पुढे होऊन वाटेला लागलो. तो कुठेच दिसला नाही. मनातल्या मनात जिंकलो.

रोलर कोस्टरवर भिंगरीच्या शेजारी बसलो. ओरडायचा प्रयत्न केला, आवाज फुटेना. उतरल्यावर ओकारी झाली. ही रुमाल देऊन दूर उभी राहिली, परक्या माणसाजवळ उभं राहावं तशी. भिंगरी राइडवाल्याला काहीतरी सांगत होती. ऐकू आलं.

बाबा आज आले नाहीत. हे काका आहेत, वर खोलीत असतात ते.

मी एकुलता एक. मला कुणी भाऊ नाही.

शनिवार, १० तारीख

नाश्त्याच्या टेबलावर हिनं मला विचारलं, तुम्हाला चहात साखर किती? लग्नाला इतकी वर्षं झाली. मी सांगितलं. तिनं अदबीनं घातली.

समोर चौथी खुर्ची ओढून ठेवली होती. त्या खुर्चीपुढच्या कपात तिनं न विचारता साखर घातली. बरोबर माझ्याएवढी.

देवाचं नाव घ्यायला बसलो. डोळे मिटले की चेहरा येतो. हसरा. माझाच. उठलो —

संध्याकाळी दोघी आल्या तेव्हा जिन्यात तीन माणसांची पावलं होती. तिसरी पावलं दाराशी थांबली. बराच वेळ. मग खाली गेली. रोज एक मजला चढत आज इथवर आला असावा. हिनं दाराकडे बघत हळूच म्हटलं, उद्या या.

दोघी झोपल्या आहेत. भिंगरीचा एक हात पलंगाच्या माझ्या बाजूला पसरलेला. उशीला विचारावंसं वाटतं, कुणाची वाट बघते आहे ही.

तो भूत असो, काही असो. माझी माणसं माझी आहेत.

रविवार, ११ तारीख

केलं. दोघी जाग्या व्हायच्या आत. दाराला आतून वरची कडी, खालची कडी. कपाट सरकवून दाराला लावलं. गुडघा गेला, जाऊ दे. खिडकी बंद, पडदा ओढला. फोनची वायर काढून टाकली. आता आम्ही तिघंच. तिघंच. आजपासून हिला माझ्याशीच बोलावं लागेल, भिंगरीला माझ्याशीच खेळावं लागेल. सवय होईल. मला होते, त्यांनाही होईल —

जिन्यात पावलं. न लंगडणारी.

दारावर टकटक. घाईची नाही. घरचा माणूस करतो तशी.

भिंगरी उठली. कपाटाला चिकटून बाबा, बाबा म्हणून हाका मारते आहे. मी इथे आहे म्हटलं. वळून बघत नाही. मी मोठ्यानं म्हटलं, भिंगरे, मी इथे आहे. ती आईच्या मागे लपली.

ही दाराकडे तोंड करून म्हणाली, अहो, एक मिनिट थांबा हं. मग माझ्याकडे वळली. हात जोडले. आवाज अगदी मऊ, कुणाला दुखवू नये असा.

भाऊजी, म्हणाली, दार उघडा ना. ते बाहेर उभे

मी उघडणार नाही. मी लिहितो आहे तोवर मीच —

कपाट माझ्या हातानं सरकतं आहे. मी इथे बसलो आहे, आणि कपाटावर माझेच हात