आमोण्यात सगळे मुलांकडेच बघतात

१२ एप्रिल, रविवार
पेडण्याचं भाड्याचं घरही गेलं. मालकाने आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग माझं माहेर. सावंतवाडीकडचं म्हटल्यावर, "म्हणजे तुम्ही पलीकडचे." नंतर विमानतळ झाल्यापासून पर्यटक किती येतात ते ऐकवलं. "कळवतो." कळवणार नाही हे त्यालाही माहीत, मलाही. परतताना बसमध्ये उमेश मोबाइलवर पुढच्या घरांच्या जाहिराती बघत बसला. पणजीचा फ्लॅट मेअखेर सोडायचा, तिथेही पर्यटकच येणार. नवरा, बायको, दोन मुलं. एवढ्याशा गोव्यात आम्ही कुणालाच नको आहोत.

१९ एप्रिल, रविवार
आमोण्याच्या पुढे, नदीकाठचा एक वाडा, थोड्या घरांची वस्ती. उमेशच्या डिचोलीच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी हे घर सुचवलं. मालक बेळगावला, घर बरेच दिवस रिकामं. चावी शेजारी त्यांच्या बहिणीकडे, शेवंतीमावशीकडे. इथे आडनाव कुणी विचारलं नाही. घर झाडून, वारा यावा म्हणून खिडक्यांची जनेलं उघडून ठेवलेली. कोकम सरबत. फणसाचे गरे. भाडं इतकं कमी की मी दोनदा विचारलं.
मावशी सारखी मुलांकडे बघत होती. "चेडूं कितव्या यत्तेंत? आणि हो चेडो?" मिथिला आता तिसरीत, वेद पहिलीत जाईल, असं सांगितलं. तिथे आलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला दिसलं ते.
काहीतरी आहे. घरात नाहीतर विहिरीत.

२३ एप्रिल
येताना विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. मी काम करते त्या लॅबमध्ये पाणीही तपासतात, तिथल्या संध्याला गुपचूप करायला सांगितलं. पाणी स्वच्छ. चक्क हिरमोड झाला.
उमेश म्हणतो, चांगली माणसं आहेत, बस. त्यात शोधायचं काय?
घर इतके दिवस रिकामं का, हे मग सांग म्हटलं. कूस बदलून झोपला.

३ मे, रविवार
पुन्हा आमोणे. दत्ताराम नावाच्या गृहस्थाने न सांगता विहिरीचा दोर बदलून ठेवलाय. पंपही बघतो म्हणाला. कशासाठी? आमचा तो कोण?
मग सुलभाबाई आल्या. वाड्यावरच्या मराठी शाळेतल्या शिक्षिका. कडक इस्त्रीची साडी, पिशवीत मानकुराद आंबे. वेदला जवळ घेऊन बसल्या. "अक्षरं येतात ना रे?" मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "मुलांचे जन्मदाखले आहेत ना हाताशी?"
पहिल्याच भेटीत जन्मदाखले! मी वेदला माझ्याकडे ओढून घेतलं.
परतीच्या बसमध्ये मिथिला: "आई, त्या बाई म्हणाल्या, आम्ही आलो तर शाळा राहील. शाळा कुठे जाणार होती?"
मी उमेशकडे पाहिलं. तो बाहेर नदीकडे बघत होता. पुलावरून बस पार होईस्तोवर बघत होता.

४ मे
उमेशला पहिल्यापासून माहीत होतं! वर्कशॉपमध्येच सांगितलेलं त्याला, वाड्यावरच्या शाळेत घालण्याजोगी मुलं असतील तर घर लगेच मिळेल. आणि हा "घालतो" म्हणून मोकळा झाला. मला न विचारता. मुलं पणजीत इंग्रजी शाळेत आहेत, इतकी धडपड करून तिथे घातली, त्याचं काही नाही.
"मीही अशाच शाळेत शिकलो," म्हणाला.
"म्हणून तर वर्कशॉपमध्ये आहेस."
बोलून गेले. जेवला नाही.

१० मे, रविवार
सुलभाबाईंना फोन केला. आडपडदा न ठेवता विचारलं. त्यांनीही ठेवला नाही. पटावर पुरेशी मुलं उरलेली नाहीत. यंदा नवी आली नाहीत तर शाळा पुढच्या गावातल्या शाळेला जोडणार. म्हणजे इथली चिमुरडी खाणीच्या ट्रकच्या रस्त्यावरून चालत जाणार.
म्हटलं, "म्हणजे तुम्हाला आम्ही नको होतो. मुलं हवी होती."
मग: "आधी मुलंच हवी होती, ताई. खोटं कशाला बोलू?"
आमोण्यातलं पहिलं वाक्य, ज्यावर माझा विश्वास बसला. पण "आधी" म्हणजे? नंतर काय झालं? विचारायचं राहिलं.

२४ मे, रविवार
सामान हलवलं. दुसरं घर मिळालंच नाही, करणार काय. अर्धा वाडा टेम्पो उतरवायला. कपाट दत्तारामने एकट्याने पाठीवर घेतलं. शेवंतीमावशीने चुलीवर सगळ्यांचा चहा केला.
चहा पिता पिता मी सांगून टाकलं, मुलं साखळी गावातल्या इंग्रजी शाळेत जाणार. ठरलेलं नाही काही. नुसती चौकशी केलीय, जागा आहे. पण म्हटलं, बघू तरी. उमेश कप हातात धरून तसाच उभा.
मावशी "बरें" म्हणाली. कप गोळा केले.

२६ मे
दत्ताराम पंपाला आला नाही.
बसस्टॉपवरच्या बायका हसल्या, पण आधीसारखं नाही. की मलाच वाटलं? सुलभाबाई स्कूटरवरून गेल्या, हात केला. केस मागे सारत असतील कदाचित.
मावशीचं आमच्या बाजूचं जनेल बंद. ऊन त्याच बाजूने येतं म्हणा.
उमेश: "परीक्षा घेतेस लोकांची?"
हो, घेते. त्यांनी नाही घेतली आमची?

२९ मे
संध्याकाळी मावशी आली. हातात हुमणाचं भांडं, बांगड्याचं कालवण. दारापुढच्या कट्ट्यावर, बलकांवावर बसली. शाळेचं नाव नाही. मलाच राहवेना.
"मावशी, रागावलात?"
"हय. रागावलें. म्हजीं दोगांय भुरगीं थंयच शिकलीं." तिची दोन्ही मुलं याच शाळेत शिकलेली. पदराने तोंड पुसलं. "हुमण थंड जाता. जेव."
गेली. भांडं ठेवून गेली. परत न्यायला येणार म्हणजे. की मीच नेऊन द्यावं अशी अपेक्षा?
हुमण फार सुरेख होतं. वेदने भात दोनदा घेतला.

३१ मे, रविवार
सकाळी दत्ताराम हजर. मेहुणीच्या लग्नाला उसगावला गेला होता म्हणे. पंप चालू करून दिला, पैसे घेईना. लग्न खरं की नाही, मावशीला विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. इतकी कशी झाले मी?
संध्याकाळी शाळेवरून गेले. उद्या शाळा उघडते. सुलभाबाई एकट्याच अंगण झाडत होत्या. मला बघून केरसुणी थांबवली.
"उद्या?"
"बघते."
"बघा." पुन्हा झाडायला लागल्या. मी वळल्यावर मागून म्हणाल्या, "इथे नाही घातलंत तरी संध्याकाळी पाठवा त्यांना खेळायला. अंगण मोठं आहे."
हे खरं बोलल्या की तेही शाळेसाठीच? वाटेभर तेच.
उमेश म्हणाला होता, तू ठरव, मी आता बोलणार नाही. दोन दिवस खरंच बोललेला नाही.
साखळीची बस पहाटे सुटते. इथली शाळा चालत पाच मिनिटं. मिथिला अंथरुणातून विचारतेय, "आई, उद्या लवकर उठायचं की उशिरा?"
झोप म्हटलं आता.