सावधान, आणि तुझी म्हैस

माय, आज सकाळी देवपुरात आमच्या गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली. पांझरेला पाणी वाढतंय, नदीकाठच्या नागरिकांनी दक्षता घ्यावी. गल्लीतलं कुणी जागचं हललं नाही. दक्षता म्हणजे काय घ्यायचं आणि कुठून आणायचं, हे कुणाला कळेना. मीही चहा पीत बसलो होतो. मग तू आठवलीस, आणि चहा निवून गेला.

स्वराज्य येऊन सातआठ वर्षं झाली होती. मी तालुक्याच्या कचेरीत नवा कारकून, आणि मॅट्रिकचं संस्कृत अजून अंगातून उतरलेलं नव्हतं. दुपारी तार आली की गिरणा वरच्या अंगाला फुगलीय, दिवस मावळायच्या आत आपल्या गावात पाणी शिरेल, मारुतीच्या ओट्यापर्यंत चढेल. साहेबांनी सूचना लिहायला मला सांगितलं, आणि गाव माझंच म्हणून सायकलवर पिटाळलंही मलाच. मी लिहिलं होतं, 'सावधान. सखल भागातील रहिवाशांनी सत्वर सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.' एका दमात सहा स आले म्हणून वाटभर मी स्वतःवरच खूश.

गावच्या कोतवालनानांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी तीनदा पाठ करून घेतलं. नदीकाठच्या आपल्या गल्लीत त्यांनी डफडं वाजवलं, 'सावधान' खणखणीत म्हटलं, आणि 'सखल'वर त्यांची जीभ अडखळली. अडखळले की ते पुन्हा 'सावधान'वर येत. आता आपल्या गावात हा शब्द ऐकू यायचा तो फक्त अंतरपाट धरल्यावर. बाया केस सारखे करत बाहेर आल्या. शेजारची अक्का मुठीत तांदूळ घेऊनच आली आणि मला विचारते, "कोनं लगीन शे?" जेवण हुकू नये म्हणून वरच्या आळीचे लोकही खाली उतरले. जिथून माणसं हलवायची, तिथेच सगळं गाव गोळा झालं. मी ओट्यावर चढून 'स्थलांतर, स्थलांतर' ओरडतोय, आणि मंगलाष्टकं ऐकावीत तसे लोक शांतपणे ऐकतायत. तिकडे धुण्याचे दगड पाण्याखाली गेलेले. आज हसू येतं, तेव्हा एकच दिसत होतं. एवढी माणसं माझ्या मराठीपायी बुडणार होती.

तू पिठाचे हात घेऊन आलीस. काय, केव्हा आणि कुठवर, एवढंच विचारलंस. तिन्ही उत्तरं तारेत होती. माझ्या सहा स मध्ये एकही नव्हतं. ऐकून तू गोठ्यात गेलीस आणि म्हैस सोडलीस. ती म्हैस धारेच्या वेळेला तू देवासाठीसुद्धा सोडली नसतीस, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तिला गर्दीच्या मधून नेत तू म्हणालीस, "मनी म्हैस निंघनी. पानी ई ऱ्हायनं. बठ्ठा जन शाळाकडे चाला."

तुझी म्हैस निघाली म्हणजे पाणी येतंयच, सगळ्यांनी उंचावरच्या शाळेकडे चालायचं; कुणी एक प्रश्न विचारला नाही. सरकारच्या कागदावर त्यांचा भरवसा नव्हता, तुझ्या म्हशीवर होता. जाताजाता तू दारोदार एकेक वाक्य टाकत गेलीस. एकीला पापडाचा डबा माळ्यावर टाकायला सांगितलास, दुसरीला कोंबड्या पाटीत घालून घ्यायला, अक्काला तांदूळ खिचडीसाठी राखायला. दिवस मावळताना आपल्या चुलीत पाणी होतं, आणि म्हैस शाळेत, दुसरीच्या वर्गात. माणूस एकही मागे राहिलं नाही. एक कोंबडा राहिला, तो सकाळी अक्काच्या घराच्या धाब्याच्या छतावर आरवताना सापडला.

साहेबांनी अहवाल मागितला. मी लिहिलं, 'दवंडी देताच नागरिकांनी स्वयंस्फूर्तीने स्थलांतर केले.' साहेबांनी पाठ थोपटली, आणि तेव्हापासून कचेरीतली प्रत्येक सूचना माझ्याच हातची. रिटायर होईपर्यंत लिहिल्या. रिक्षावाल्याची ती 'दक्षता'ही माझ्याच जुन्या कागदावरून उतरवलेली असणार.

शाबासकीचं मी तुला सांगितलं, तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता विचारलंस, "मनी म्हैसनं नाव लिखं ना?" मी हो म्हणालो. त्या संध्याकाळी तू तिला सरकीची दुप्पट ढेप घातलीस.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हा कागद तर मी पाकिटातही घालणार नाही, म्हणून आता सांगतो. नव्हतं लिहिलं, माय. तुझंही नाही.