थांबल्याची वेळ

सोमवार
नोकरी उत्तम, पण एक अन्याय इतिहासासाठी नोंदवून ठेवतो. माझ्या टेबलावरचा स्टेपलर साखळीने बांधलाय आणि साखळी कागदापर्यंत पोचायला बरोबर चार बोटं कमी पडते. त्यामुळे दिवसभर कागदच स्टेपलरकडे जातात, साहेबापुढे हजर व्हावं तसे.
बाकी काम माझ्या हाडीमाशी खिळलेलं. खाली अपघात विभागात बंद पडलेली हृदयं चालू करतात. वर मी त्याचं बिल करतो. छाती दाबली, एक कोड. घशात नळी घातली, दुसरा. झटका दिला, तिसरा. सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ नसेल, तर फाइल परत. मेलेल्यालाही कागद पुरा लागतो.

मंगळवार
एका म्हाताऱ्यांची फाइल. छाती दाबणं सुरू : दहा वीस. थांबले : कोरं. शेरा मारला, ‘थांबल्याचा पुरावा नाही’, आणि पाठवली खाली. त्यांची लेक माझ्या खिडकीपुढच्या बाकावर बसून आहे. तिला सांगितलं, ताई, कागद झाला की वडील मिळतील. ती म्हणाली, ते तर कालच गेले; मग खाली धपधप कसली चालली आहे? म्हटलं, दुरुस्ती असेल.

बुधवार
फाइल परत. वेळ कोरीच. मोडलेल्या बरगड्या काल चार होत्या, आज अकरा. खालच्यांना विनोदाचं अंग आहे म्हणायचं. पुन्हा तोच शेरा.

गुरुवार
फाइल परत. मोडलेल्या बरगड्या चोवीसच्या चोवीस. खाली गेलो. पडद्यामागे वॉर्डचे मामा आणि नर्सबाई आळीपाळीने दाबतायत. छाती कसली, परात झाली आहे. हात कण्याला टेकतात, दर दाबाला तोंडातून काळं येतं. मामा न थांबता म्हणाले, थांबल्याचा पुरावा नाही असं तुम्हीच लिहिलंत, भाऊसाहेब. मग थांबायचं कुणाच्या जिवावर?
मी वेळ लिहिली. माझ्या हाताने. ते थांबले. लेक वडिलांना घेऊन गेली.

शुक्रवार
आमच्या बिलिंगच्या साहेबांनी पकडलं. अक्षर डॉक्टरांचं नाही. शेरा : ‘अमान्य. प्रक्रिया पुन्हा करावी.’ मामांनी विचारलं, कुणावर? पेशंट तर गेला. साहेब म्हणाले, ज्याने सोडला त्याच्यावर.

शुक्रवार, नंतर
मला त्याच पडद्यामागे निजवून पट्टे आवळलेत. उजवा हात मोकळा — सहीसाठी. नर्सबाईंनी सुरू केल्याची वेळ लिहिली —
पहिली मोडली. डावी. ऐकू आली आधी, दुखली मग —
तिसरी —
मामा रडतायत. म्हणतात, माफ करा, शेरा आहे. कालचा चहा त्यांनीच पाजला होता, पैसे राहिले. नाणं आहे माझ्याकडे. वाकतात तेव्हा त्यांचा खिसा हाताशी येतो — टाकलं. कळलं नाही त्यांना. आता फक्त थांबल्याची —