कडेचं शिल्लक

आयर्न पॉइंट, मिशिगन
२९ नोव्हेंबर १९९८

चि. रेइनो यास हिल्माताईचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या इमारतीत, तुझ्याच मजल्यावर जागा रिकामी होते आहे, लिफ्ट आहे, दारातला बर्फ दुसरे लोक काढतात, हे सगळं वाचलं. उत्तर नाही असं आहे. तू ती जागा जानेवारीअखेरपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवणार म्हणतोस. ठेव. उत्तर तेच राहील.

इथे गुडघाभर बर्फ आहे. आपला बर्फावरच्या हॉकीचा संघ, ‘मूस’, जिंकतो त्यापेक्षा जास्त हरतो. काल शिक्षेच्या बाकावर पाहुण्या संघाचा एक दांडगा खेळाडू येऊन बसला. माझी जागा बरोबर त्याच्या मागे, मध्ये फक्त काच. मी त्याला म्हटलं, बाळा, आईचा फोन आला होता, जेवलास का विचारत होती. तो हसला. त्याच्या प्रशिक्षकाने ते पाहिलं आणि नंतर त्याला बर्फावर सोडलंच नाही. तुझ्या डुलूथच्या लिफ्टमध्ये बसून हे काम कोण करणार?

घंटा तर आहेच. मी स्वयंपाक करायचे ती शाळा बंद झाली तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरातून मी एवढी एकच वस्तू उचलली, आणि आता ती मुलांना जेवायला बोलावण्याऐवजी गोल झाला की वाजते. रिंकमधल्या खांबांमुळे अर्ध्या लोकांना पलीकडची गोलची जाळी दिसत नाही. ते माझ्या घंटेवर उठतात. समोरच्या बाजूला बसणारी डेल्फीन म्हणते, हिल्मा, अशी बडवतेस की पोरांनी सूप सांडलंय. तिच्याकडे शिट्टी आहे, ती कोणी ऐकत नाही, हे तिचं दुःख.

डिसेंबरच्या १९ तारखेला अस्वलांची रात्र. आपल्या पहिल्या गोलला सगळ्यांनी कापडी अस्वलं बर्फावर फेकायची. मग ती रुग्णालयातल्या मुलांना जातात. रेडिओ लाव.

लोभ आहे. जागेचा आग्रह सोडलास तर वाढेलही.

तुझी ताई,
हिल्मा

डुलूथ
६ डिसेंबर

ती. ताईस रेइनोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी पहिल्याऐवजी सातव्या मजल्यावर गेलं. तुझा एक आणि सात आता सारखेच दिसतात. आतल्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. डेल्फीनच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं की तू गाडीने त्यांची टपालपेटी पाडलीस, आणि वर त्यालाच विचारलंस, ही इथे कोणी आणून ठेवली. त्याचा बाप ठेवून गेला म्हणे.

डोळे दाखव. एवढंच मागतो.

रात्री तळ्यावरून तुमचं रेडिओ स्टेशन चांगलं लागतं. समालोचक ओरडायच्या आत तुझी घंटा ऐकू येते, तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगतो, ही आमची ताई. त्यांना वाटतं मी थट्टा करतो. इथे आलीस तर त्यांची खात्री पटेल.

थंडीत जपून. माझ्यावर चिडलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा,
रेइनो

आयर्न पॉइंट
२० डिसेंबर

चि. रेइनो यास आशीर्वाद. वि. वि.

तू ऐकलंच असशील. तरी लिहिते, म्हणजे डेल्फीनच्या नवऱ्याला फोन करायला नको.

दुसऱ्या भागात आपल्या एका पोराने काठीने चकती जाळीकडे मारली आणि मी घंटा वाजवली. सगळं गाव उठलं. अस्वलं, ससे, एक कापडी मगर, सगळं बर्फावर. गोल झालाच नव्हता. चकती आडव्या दांडीवर आपटून परत आली होती. पंचाने हात पसरले, मग कमरेवर ठेवले. अस्वलं गोळा होईपर्यंत खेळ थांबला, खोळंबा केला म्हणून आपल्याला शिक्षा झाली, एक खेळाडू कमी करावा लागला, आणि त्यातच पाहुण्यांनी गोल केला.

खरा गोल शेवटच्या भागात झाला. तोवर कोणाच्या हातात अस्वल उरलं नव्हतं. लोकांनी हातमोजे फेकले, टोप्या फेकल्या, कोणी मक्याच्या लाह्यांची पिशवी फेकली. आपण दोन-एकने हरलो. माझ्या मागच्या रांगेतला म्हणाला, आजी, पुढच्या वेळी आम्ही बाहेर पडलो की वाजवा.

डेल्फीन मध्यंतरात पूर्ण वळसा घालून माझ्याकडे आली. म्हणाली, हिल्मा, तुला काय दिसलं? मी म्हटलं, गोल दिसला. ती तशीच वळसा घालून परत गेली. ती बोलत नाही हे मला आवडत नाही.

आता संघाच्या मंडळाची बैठक आहे. घंटा दुसऱ्याला द्यावी असं काहींचं म्हणणं आहे. मी देणार नाही.

नाताळ सुखाचा जावो. राग माझ्यापुरता आहे, तुझ्या वाट्याला प्रेमच.

हिल्मा

डुलूथ
२७ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी ऐकलं. आधी लोखंडाचा आवाज, मग लगेच तुझी घंटा, मग समालोचक म्हणाला, दांडी.

जाळीच्या आतल्या लोखंडावर चकती लागली तरी तोच आवाज येतो. तू त्या आवाजावर घंटा वाजवलीस. तुला गोल दिसला नाही, ताई. यंदा एकही दिसलेला नाही, असं मला वाटतं.

आता घंटा फळीवर ठेव आणि इकडे ये. मी त्या जागेच्या भिंतींना रंग द्यायला सांगतो.

काळजीने लिहिलं आहे. कडू लागलं तरी वाच.

रेइनो

आयर्न पॉइंट
१७ जानेवारी १९९९

चि. रेइनो यास आशीर्वाद. वि. वि.

रंग देऊ नकोस.

डॉक्टरांकडे जाऊन आले. डोळ्यांचं मधलं गेलं आहे, ते परत येत नाही. कडेचं शिल्लक आहे आणि ते राहील, असं म्हणाले. ज्याच्याकडे बघते ते दिसत नाही. ज्याच्याकडे बघत नाही ते दिसतं. मी विचारलं, मग न बघायची सवय करता येते का? ते म्हणाले, लोक करतात.

घरी येऊन रोज बसले. चुलीकडे तोंड केलं की खिडकी दिसते. पुढचं रिंकवर केलं. गोल झाला की जाळीमागे लाल दिवा लागतो, तो तुला आठवत असेल. माझ्या जागेवरून लाह्यांच्या दुकानाकडे तोंड केलं की एका बाजूचा दिवा कडेला येतो. दुसऱ्या भागात संघ बाजू बदलतात, तेव्हा मी बाहेरच्या दाराकडे तोंड करते.

बैठकीत मी सगळं सांगितलं. कोणी खोकलं, कोणी कॉफी ढवळली. डेल्फीन म्हणाली, तोंडी नको, सरावाच्या वेळी करून दाखव. मंगळवारी सगळे जमले. लाल दिवा लावणाऱ्यालाही बोलावलं. पोरांनी मुद्दाम काही जाळीत मारल्या, काही दांडीवर. मी लाह्यांच्या बंद दुकानाकडे बघत बसले. कप्तान विचारत होता म्हणे, आजी रुसल्या का?

दांडीवर मी एकदाही वाजवली नाही. जाळीत गेल्या तिथे वाजवली, पण उशिरा. लोखंड ऐकलं की हात उठायचा, तो दाबून धरावा लागत होता. मागच्या रांगेतला म्हणाला, एवढ्या वेळात मी घरी पोचलो असतो. डेल्फीन त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, मग जा ना, अडवलंय कोणी? उशीर चालेल, घाई चालणार नाही. मंडळात तेच ठरलं, घंटा माझ्याकडेच.

गाडीची किल्ली मी डेल्फीनला दिली. ते सोपं नव्हतं. तुला सांगते, तिला सांगितलं नाही. आता सामन्याला तीच नेणार, आणि सगळा रस्ता बोलणार.

शनिवारी तळ्याच्या तीरावरच्या गावाच्या संघाशी सामना आहे, तीसला. सगळं गाव बघत असेल. चकतीकडे नाही, माझ्याकडे.

आहे तेवढा लोभ ठेव. मी कुठे जात नाही.

हिल्मा

डुलूथ
३१ जानेवारी

ती. ताईस रेइनोचा सा. न. वि. वि.

काल सकाळी इमारतीच्या व्यवस्थापकाला सांगून आलो. जागा एका शिंप्याला दिली. बरा दिसतो, हॉकीतलं काही कळत नाही त्याला.

रात्री रेडिओ लावला. पहिला भाग कोरडा गेला. दुसऱ्यात तू दाराकडे तोंड करून बसली असशील असं मनात धरलं आणि का कोण जाणे, मीही इथे दाराकडे वळून बसलो. मग चकती लोखंडावर वाजली, समालोचक गोल म्हणून ओरडला, आणि पुढे काहीच नाही. टाळी नाही, ओरडा नाही, एक माणूस बोलेना. मला वाटलं स्टेशन गेलं. उठून बटणाला हात लावला.

समालोचक हळू आवाजात म्हणाला, मंडळी, इथे कोणीही उठलेलं नाही, सगळे घंटेची वाट बघताहेत.

मग तुझी घंटा झाली. मग छप्पर उडेल एवढा ओरडा.

पुढच्या शनिवारी मी बसने येतो आहे. तुझ्याजवळची जागा सांगून ठेव. डेल्फीनला म्हणावं, बसस्टेशनवर आणायला ये, मला बोलणं चालतं. बाकी भेटीत, तोवर आपल्या ममतेत कमी नसावं.

तुझा,
रेइनो