मॅपवर कायमचं बंद

११ नोव्हेंबर, मंगळवार

मी जिवंत आहे आणि माझं पार्लर मेलंय!

सकाळी शटर वर करत होते, तर समोरून माझी जुनी गिऱ्हाईक इनेझ. मला बघून अशी दचकली की हातातली पिशवी पडायची बाकी. "अगो आशालता, तू हितंच? मला वाटलं मुलाकडे पुण्याला गेलीस. पार्लर बंद केलंस ना?" म्हटलं, कोण म्हणतं? तर मोबाईल काढून नाकासमोर धरला. आशा लेडीज पार्लर, मनवेलपाडा रोड. आणि खाली लाल अक्षरात — कायमचे बंद.

कायमचे!

तिच्या थोरलीचं, सेलिनचं लग्न तेवीस तारखेला. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की त्यांच्यात लग्नं लावत नाहीत, त्याच्या आत उरकायचं म्हणून घाई. लहानपणी चर्चमधल्या सेलिनच्या पहिल्या कम्युनियनचे केस मी केले, दहावीच्या सेंडऑफचे मी केले. नवरीचे मात्र दुसरीकडे ठरले. "तू बंद म्हटल्यावर मी काय करू गो? शब्द देऊन बसले." तिची काय चूक? पण ती गेल्यावर शटर वर ढकललं ते जरा जोरातच.

तरीच! तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला, दारात एक नवरी नाही. मी आपली महागाईला शिव्या घालतेय.

१२ नोव्हेंबर

एकच नाव डोक्यात घोळतंय. क्षितिजा.

सहा वर्षं माझ्याकडे होती. आली तेव्हा अठरा वर्षांची, आयब्रोचा दोरा दातात कसा धरायचा ते माहीत नव्हतं. फेशियल, कटिंग, नवरीचा अंबाडा, सगळं या हातांनी शिकवलं. मॅपचं खूळ तिचंच. "ताई, नवीन टॉवरमधल्या बायका पाटी वाचत नाहीत, मोबाईलला विचारतात जवळचं पार्लर कुठलं." फोटो तिने काढले, वेळ तिने टाकली. गिऱ्हाईक उठलं की लाडीगोडी — "दोन ओळी लिहा ना काकी!" एकशेऐंशी बायकांनी लिहिलं आणि हिने प्रत्येकीला उत्तर दिलं. निम्मी नवी गिऱ्हाइकं त्यावरूनच यायची, खोटं का बोलू.

मी कधी त्यात बोटही घातलं नाही. कुठे दाबायचं ते तिलाच ठाऊक.

ऑगस्टमध्ये पाया पडली, "ताई, स्वतःचं टाकतेय, आशीर्वाद द्या." स्टेशनजवळ गाळा घेतलाय. मी आशीर्वाद दिला, पेढे दिले आणि माझी चांगली कात्री दिली. बावीस वर्षं वापरलेली! आणि आता माझं बंद दाखवून माझ्या बायका तिकडे वळवतेय!

१३ नोव्हेंबर

सुमेधला फोन केला. इंजिनिअर मुलगा असून आईने कोणाला विचारायचं? म्हणाला, "आई, मी बघतो." मी म्हटलं, हे क्षितिजाचंच काम ना रे? म्हणाला, "तिच्याच हातात होतं ना सगळं… मग काय."

मग नेहमीचं पुराण. सुनेला, रेवाला, जानेवारीत बाळंतपणाची तारीख आहे. नंतर तिची नोकरी, बाळाला पाळणाघरात ठेवायचं का? "किती वर्षं उभी राहणार आई? हे निमित्त समज आणि ये कायमची." बघा, त्याच्याही तोंडात कायमचं! मी म्हटलं, सव्वा महिना येईन, बाळंतिणीचं सगळं करीन, नातवंडाला न्हाऊ-माखू घालीन आणि परत येईन. हे गेले तेव्हा तू अकरावीत होतास, या दुकानानेच आपल्याला उभं केलं. ते बंद करून मी तिकडे बाल्कनीत बसून काय करू?

"बरं," म्हणाला. नुसतं तोंडाने.

१५ नोव्हेंबर

चमत्कार! एक अनोळखी बाई दारात — "मॅपवर बघून आले." म्हटलं दाखवा. चालू! लाल अक्षरं गायब! सुमेधला फोन लावला, शहाणा माझा, केलंस ना नीट? तर म्हणे, "चालू दाखवतंय? मी नाही काही केलं." बरं, आपोआप तर आपोआप. त्या बाईचं फेशियल करताना अर्धा तास जास्तच मसाज दिला.

१७ नोव्हेंबर

परत बंद.

१९ नोव्हेंबर

आज चालू! दुपारी दोन बायका आल्या. मी घड्याळ लावल्यासारखी दर तासाला मोबाईल बघतेय. हातातलं काम सोडून!

२० नोव्हेंबर

बंद. म्हणजे खेळ चाललाय माझ्याशी. आज उघडायचं, उद्या मिटायचं, ताई कशी तडफडते ते बघायचं. मशीन बिघडलं असतं तर एकदा बिघडलं असतं. हे माणसाचं काम आहे. माझ्याच हाताखालच्या माणसाचं.

२१ नोव्हेंबर

गेले तिच्याकडे. दुकान छान लावलंय. आरसे, लाईट, दाराशी मनीप्लांट. खुर्चीत एक बाई डोक्याला रंग लावून बसलेली. मी कोणाची पर्वा केली नाही. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, सहा वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस आणि खाल्ल्या घरचे वासे मोजलेस! समोर येऊन सांगितलं असतंस, ताई तुमची गिऱ्हाइकं हवीत, तर चार मीच पाठवली असती. हे पाठीमागून कशाला?

ती खाली बघत उभी. "ताई, मी बंद नाही केलं." बस, एवढंच. म्हटलं, मग कोणी केलं, भुताने? तर गप्प. तोंड उघडेना! चोरी पकडली की माणूस असंच गप्प होतं. डोळ्यांत पाणी आणलं होतं, पण मी काय आजची आहे का?

काउंटरवर माझी कात्री होती. उचलली आणि चालू लागले. तिने अडवलं नाही. रिक्षात ती मांडीवर घट्ट धरून बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

सेलिनच्या लग्नाला गेले. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. अंबाडा सैल बांधला होता, मुकुट डावीकडे कलत होता. उठून दोन पिना खोचाव्यात असं फार वाटत होतं. इनेझने माझ्याकडे बघायचं टाळलं.

२५ नोव्हेंबर

इनेझची धाकटी, ॲनिशा, केस कापायला आली. मुद्दाम आली बिचारी, आईच्या वतीने. कॉलेजात आहे. म्हणाली, "आँटी, मोबाईल द्या इकडे, मॅपवरचं पार्लर मी तुमच्या नावावर मागून घेते." ओल्या केसांनी बसून खटाखट दाबलं. मग म्हणते, "याला मालक आहे आधीच. पूर्ण ईमेल दाखवत नाही, पहिली दोन अक्षरं दाखवतं."

मी म्हटलं, के असणार. क्षितिजाचा के.

"नाही आँटी. एस, यू."

एस, यू. सुमेध.

मग सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वीचे गणपती. सुमेध आला होता. क्षितिजाने विचारलं, ताई, कोणाच्या ईमेलवर करू? आणि मीच — मीच! — म्हटलं, माझ्या मुलाच्या कर. मनात म्हटलं होतं, ही आज आहे उद्या नाही, घरातलं घरात राहिलेलं बरं. तिला काम करण्यापुरतं ठेवलं आणि मालक केलं त्याला. आणि हे मी विसरूनही गेले!

ॲनिशाचे केस एका बाजूला जरा जास्त कापले गेले.

२६ नोव्हेंबर

त्याने नाकारलंसुद्धा नाही. "आई, ऐक ना. तुला समोर सांगून तू ऐकली असतीस का? म्हटलं, गिऱ्हाईक हळूहळू कमी झालं की तुझं तूच ठरवशील. तुझ्यासाठीच केलं."

माझ्यासाठी! रोज सकाळी उदबत्ती लावून रिकाम्या खुर्चीसमोर बसायचे, ते माझ्यासाठी? इनेझची नवरी गेली, ती माझ्यासाठी? परक्याने गळा कापला असता तर ओरडले असते. पोटच्या पोराने कापला, आता कोणाकडे ओरडू?

म्हटलं, आणि क्षितिजाचं नाव का घेऊ दिलंस मला? तर म्हणतो, "नाव मी नाही घेतलं आई, तूच घेतलंस."

खरंच, मीच घेतलं होतं. मग विचारलं, मधे दोनदा उघडलंस ते का? दया आली का आईची?

"मी नाही उघडलं. मी तर बंद करून दमलो."

फोन ठेवला. त्याने परत केला, मी उचलला नाही.

२७ नोव्हेंबर

कात्री घेऊन सकाळी क्षितिजाकडे गेले. काउंटरवर ठेवली. तिने उचलली नाही. मी म्हटलं, दोनदा तू चालू केलंस ना गं? मान डोलावली. "माझं नाव अजून आहे त्यात, ताई. तुम्ही काढलं नव्हतंत." आणि बंद कोण करतंय ते ठाऊक होतं? "दोघांच्याच हातात होतं. मी केलं नाही, म्हणजे सुमेधदादाच उरला."

मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? चारचौघांत एवढं ऐकून घेतलंस!

टॉवेलची घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्याशी नातं तोडून तुमचं भागलं असतं, ताई. दादाशी तोडून कुठे जाणार होतात?"