एकट्याने पाच बेटं

२ सप्टेंबर

नवी वही. जानेवारीत रोजनिशी सुरू करणारे लोक जानेवारीतच संपतात, म्हणून मी मुद्दाम सप्टेंबर निवडला.

काल मेहुणा जेवायला आला होता. त्याचं पोहणं, त्याचे डोंगर, त्याची ती हाफ पँट. बोलता बोलता म्हणाला, भाऊजींना कोपऱ्यावर पाव आणायला पाठवलं तरी ताई फोन करून विचारते, पोचलात का. सगळे हसले. मुलगी सगळ्यांत जास्त हसली, ठसका लागेपर्यंत. मीही हसलो. मग पाणी प्यायला म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिलो. वाईट वाटलं. सत्तेचाळीस वर्षांत एकटा असा मी कुठेच गेलेलो नाही. आधी आई होती, मग हॉस्टेलचा पार्टनर, मग ही.

परत येऊन जाहीर केलं. समुद्रातली पाच बेटं. दहा दिवस. एकटा. बीच, तंबू, कयाक, स्नॉर्कलिंग. टेबलावर शांतता पसरली. आदर असावा. मेहुण्याने विचारलं, पोहता येतं का. म्हटलं, तो तपशील झाला.

३ सप्टेंबर

बायको अडवेल, रडेल, हे गृहीत धरून उत्तरं तयार ठेवली होती. ती जा ना म्हणाली. लगेच. इस्त्री करता करता, वर न बघता. जबर धक्का बसलेला दिसतो बिचारीला. दहा दिवस माझ्याशिवाय कशी काढणार कोण जाणे.

६ सप्टेंबर

प्लॅन तयार.

लोक सहलीला निघताना आधी कपडे बघतात. मी कनेक्शन बघतो. बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात एकोणीस वर्षं उगाच नाही काढली. पाच बेटं, सगळ्या बोटी, कुठे उतरायचं, कुठे चढायचं, सगळं एका कागदावर, तीन रंगांत. दोन ठिकाणी बोट बदलायला फक्त सात मिनिटं आहेत. आमच्याकडे सात मिनिटांत माणूस बस बदलतो आणि वर चहाही पितो.

साहेबांना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, उत्तम, पण यात शाळेची गाडी कुठली? समजावून सांगितलं. रजा मिळाली ती ऑक्टोबरअखेरची. त्याआधी हिवाळी वेळापत्रक छापायला जातं आणि त्यानंतर त्याच्या तक्रारी येतात. मधले दहा दिवस काय ते आम्ही माणसात असतो.

मेहुण्याचा फोन आला. त्या दिवसांत वारा असतो, बोटींचा भरवसा नसतो, भाऊजी, तुम्ही एप्रिलमध्ये जा. म्हटलं, बाबा रे, वेळापत्रक छापलेलं आहे. छापलेलं. जळतो मेला.

१० सप्टेंबर

संकल्प : रोज पहाटे साडेपाचला धावणे.

११ सप्टेंबर

अंधार होता. अंधारात धावणारा माणूस चोर वाटतो.

१२ सप्टेंबर

संध्याकाळी धावणे, असा बदल.

१३ सप्टेंबर

संध्याकाळी ओळखीचे लोक भेटतात. थांबून बोलावं लागतं. मग धावणं म्हणजे उद्धटपणाच. चालण्याचा व्यायाम सर्वांत चांगला असं कुठेतरी वाचलंय. शोधून काढतो.

१७ सप्टेंबर

स्विमिंग पूल. पहिला दिवस. मोठ्यांची बॅच भरली होती, म्हणून मला छोट्यांच्यात घातलं. पाणी बेंबीपर्यंत. माझ्या. त्यांच्या गळ्यापर्यंत. म्हणजे खरं धैर्य त्यांचं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

प्रशिक्षक बाई म्हणाल्या, आजोबा, आधी दांडी सोडा. आजोबा! बॅचमध्ये तुलनेनं तसं वाटत असेल.

२४ सप्टेंबर

दांडी एका हाताने सोडली.

५ ऑक्टोबर

प्रगती झपाट्याने. पाण्यात उभं राहण्यात मी आता पूर्ण तरबेज आहे. बाईंनी विचारलं, समुद्रात उभं कुठे राहणार? म्हटलं, किनाऱ्यावर. बाई दुसऱ्यांकडे बघायला गेल्या.

खरं सांगायचं तर डोकं पाण्याखाली गेलं की मी लगेच दांडी धरतो. कान बंद, डोळे बंद, आणि आपण कुणालाच दिसत नाही असं वाटतं. हे कुणाला सांगितलेलं नाही. वहीला चालतं.

ठरवलं की स्नॉर्कलिंग ही मुळात वरूनच करण्याची गोष्ट आहे.

१२ ऑक्टोबर

तंबू आला. हॉलमध्ये टेबल बाजूला करून उभारला. पाकिटावर दोन मिनिटं लिहिलं होतं. ते आतून उभारणाऱ्यांसाठी नसावं. मी आतून उभारला आणि चेनचं टोक बाहेर राहिलं.

आत शांत होतं. हिरवा उजेड. बाहेर मायलेकी टीव्ही बघत होत्या. हाक मारायची नाही असं ठरवलं होतं, कारण बेटावर कोण येणार आहे? पण मग मालिका संपून दुसरी लागली. शेवटी खोकलो. बायकोने चेन उघडली, आत डोकावली आणि जेवायला वाढू का विचारलं. मुलगी खोलीत निघून गेली. तिच्या खोलीतून उशी दाबून हसल्याचा आवाज मला ओळखू येतो.

तंबू रद्द. लॉजमध्ये राहिल्याने स्थानिक लोकांशी संपर्क वाढतो.

२० ऑक्टोबर

बॅग भरली. पाठीवर घेतली आणि पलंगावर उताणा पडलो. झुरळासारखे हातपाय हलवले. बायकोने उठवलं. तिने दोन स्वेटर काढून ठेवले, मी बॅगेत तीन भरले. पाकीट, फोन आणि चार्जर यांच्यासाठी खास वॉटरप्रूफ पिशवी घेतली आहे. ती बॅगेत अगदी तळाशी ठेवली. समुद्रावर भलतीकडे हात गेला तर पंचाईत नको.

बायको म्हणाली, अहो, पाकीट तरी खिशात ठेवा. तिचं समाधान व्हावं म्हणून ठेवलं. ती आत गेल्यावर परत तळाशी. अनुभवी प्रवासी असेच करतात.

२५ ऑक्टोबर

निघालो!

स्टँडवर दोघी आल्या होत्या. बस सुटताना मी खिडकीतून मागे बघणार नव्हतो. बघितलं. दोघी आधीच वळल्या होत्या आणि मायलेकींचं काहीतरी हसत बोलणं चाललं होतं. अश्रू लपवायची एकेकाची पद्धत.

संध्याकाळ. धक्क्यावर पोचलो. समुद्र मोठा आहे. फोटोत एवढा वाटत नाही. बोट बंद. वारा.

२६ ऑक्टोबर

बोट बंद. वेटिंग रूममध्ये सहा बाकं, एक पंखा, एक तिकीट खिडकी. खिडकीमागे एक बाई स्वेटर विणत बसतात. त्यांच्यासमोर माझा तीन रंगी कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. म्हणाल्या, सुंदर काढलंय हो. पण या दिवसांत असं काही नसतं. वारा पडला आणि बोट भरली की सुटते.

भरली की सुटते! एकोणीस वर्षांत मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. म्हटलं, समजा बोट लवकर भरली तर? म्हणाल्या, तर लवकर सुटते.

दोन बाकं सोडून बसलो.

घरून फोन. बायकोला म्हटलं, पहिल्या बेटावर आहे, बीच अप्रतिम. म्हणाली, वा. मग म्हणाली, मागे कोण ओरडतंय बोट बंद, बोट बंद? म्हटलं, इथले लोक तसं गातात.

२७ ऑक्टोबर

बोट बंद. दुसरं बेट (फोनवर). कयाक चालवली (फोनवर). मुलगी म्हणाली, बाबा, खरंच? तिचा आवाज कौतुकाने भरला होता. असा तिचा आवाज मी बरीच वर्षं ऐकलेला नाही. फोन ठेवल्यावर बिस्किटाचा पुडा उघडला तो संपेपर्यंत खाल्ला.

आता एका तरी बेटावर जायलाच हवं. नाहीतर त्या आवाजाला मी काय तोंड दाखवणार?

२८ ऑक्टोबर

माझ्यासारख्या माणसाने हातावर हात ठेवून बसणं बरं नाही. या लोकांना मुळात शिस्त नाही. दिवसभर बसून बोट कंपनीसाठी नवं वेळापत्रक तयार केलं. बायकोच्या माहेरच्या सगळ्यांनी मिळून वाचलं तरी कळेल इतकं सोपं. पहिली बोट ९:४०.

बाईंना दिलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते तिथल्या तिथे लावलं. बाकामागच्या खिडकीची काच फुटलेली होती, बरोबर त्या जागी. चारी बाजूंनी चिकटपट्टी. म्हणाल्या, उपकार झाले, तीन दिवस मानेवर गार वारा येत होता.

समुद्रकिनाऱ्यावर माझं वेळापत्रक लागलं. मेहुण्याला हे जमलं असतं का?

२९ ऑक्टोबर, सकाळी ९:००

वारा पडला!! समुद्र अगदी शहाण्यासारखा. लॉज सोडलं. पैसे देऊन पाकीट आणि फोन परत बॅगेच्या तळाशी. धक्क्यावर बोट लागली आहे. लोक येतायत, टोपल्या, पेट्या, एक शिलाई मशीन. खलाशी म्हणाला, सामान आधी द्या, मग माणसं. बोट तोलायला तसं करावं लागतं म्हणे. माझी बॅग सगळ्यांत आधी दिली. बोटीच्या अगदी मधोमध ठेवली आहे, मानाच्या जागी.

खलाशी म्हणाला, बसून घ्या. घड्याळ पाहिलं. अजून बराच वेळ आहे. स्वतःच केलेलं वेळापत्रक स्वतःच मोडणारा मी नव्हे. वेटिंग रूममध्ये त्याच्याखालीच बसून हे लिहितो आहे. बाहेरून ऊन त्याच्यावर पडतं तेव्हा छान दिसतं.

सकाळी ९:२०

भोंगा वाजला. तीनदा. खलाशाने माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवले. मनमिळाऊ माणूस. मीही हलवले.

सकाळी ९:४०

वेळेवर धक्क्यावर गेलो. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

बोट नाही.

सकाळी १०:३०

चूक बोटीची आहे. हे आधी लिहून ठेवतो.

बाई म्हणाल्या, अहो, मी पण हाका मारल्या. ऐकल्या होत्या. मला वाटलं त्या स्वेटरचं माप विचारतायत. काल विचारलं होतं.

दुपारी १२:१५

बाईंनी फोन करून चौकशी केली. बॅग पहिल्या बेटावर पोचली. बोट तिथे थांबत नाही, पुढे पाचही बेटं करून मगच फिरते. परत कधी? वारा असेल तसं. बॅगेत कपडे, तिन्ही स्वेटर, तळाशी पिशवी, पिशवीत पाकीट आणि फोन. माझ्या खिशात ही वही, पेन आणि लॉजच्या चहाबरोबरचं एक बिस्किट आहे.

दुपारी १:४०

बॅग दुसऱ्या बेटावर. खलाशाने बाईंच्या मोबाइलवर फोटो पाठवला, सामान सुखरूप आहे हे दाखवायला. पांढरी वाळू, मागे निळं पाणी, आणि वाळूत माझी बॅग, जराशी उन्हात रेललेली. बीच खरंच अप्रतिम आहे. फोनवर मी सांगितला होता त्याहून चांगला.

फोटो परत परत मागून पाहिला. मग बाईंनी मोबाइल माझ्या हातातच राहू दिला आणि म्हणाल्या, घरी करा फोन, दादा.

मेहुण्याला करावा असं ठरवलं. पुरुषाने पुरुषाला सांगितलेलं बरं. त्याचा नंबर येईना. ऑफिसचा येईना. मुलीचा येईना. सत्तेचाळीस वर्षांत मला एकच नंबर पाठ आहे.

दुपारी २:१०

बायकोने फोन उचलला. मी म्हटलं, मी. पुढे काय सांगायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. तिसरं बेट, लाट, वेळापत्रकाचा आंतरराष्ट्रीय प्रश्न. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. नुसतं नाक ओढलं गेलं. इथे गारठा फार आहे.

ती हसेल म्हणून वाट पाहिली. हसली नाही. तिने फक्त विचारलं, धक्क्यावरच आहात ना अजून? म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. मी हो म्हटलं. मुलीला सांगू नकोस, हेही म्हटलं. ती म्हणाली, नाही सांगत. काही खाल्लंत का? मी नाही म्हटलं. मग म्हणाली, मी निघते, पाच पन्नासला पोचणाऱ्या गाडीने येते. तुम्ही आहात त्या बाकावरच बसा. जागेवरून हलू नका.

इतकं बरं वाटलं की लिहायलाही लाज वाटते.

दुपारी ४:००

बॅग चौथ्या बेटावर.

संध्याकाळी ५:०५

केव्हापासून बाथरूमला जायचं आहे. समोरच आहे, दहा पावलांवर. पण हलू नका म्हणाली आहे.