पन्नास की चव्वेचाळीस

६ फेब्रुवारी

चि. खारूताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी दहाही गणितं पोचली. ब्रेक लावलेल्या गाडीचं झकास सोडवलंस. चुंबक तोडलं तरी प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकं राहतात, हेही बरोबर. सातव्यात मात्र घोटाळा केलास बाई! तांब्याच्या भांड्यात वीस अंशांचं शंभर ग्रॅम पाणी, त्यात ऐंशी अंशांचं तेवढंच ओतलं, की सरळ मधोमध पन्नास. भांड्याला कशाला मध्ये घेतलंस? भांडं काय उष्णता पितं? पुस्तकामागे तुझ्यासारखं चव्वेचाळीसच आहे, पण ती छापखान्याची डुलकी. मी लाल पेन्सिलीने तिथेही पन्नास करून टाकलंय.

दहा मार्चला तंत्रशाळेची प्रवेश परीक्षा. नापास झालीस तर वर्षभर बरण्यांना झाकणं लावत बसशील, सांगून ठेवतो. ताईला नमस्कार सांग. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

५ एप्रिल

ती. मामांस सा. न.

निकाल लागला. तीन गुणांनी गेले. रडून झालंय, काळजी करू नका. गाडीच्या गणितात वेगाची एककं बदलायला विसरले, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. आई म्हणाली, आधी मामाला कळव, त्याचा जीव टांगणीला लागला असेल.

सोमवारपासून बरण्यांच्या कारखान्यात जातेय. झाकणंच लावायची आहेत. तुमच्या तोंडात साखर नव्हती हं मामा! तुम्ही मागितली होती ती प्रश्नपत्रिका सोबत आहे. माया आहे तशीच असू द्या.

तुमची खारूताई

१२ एप्रिल

चि. खारूताईस आशीर्वाद. द्यायला तोंड नाही, तरी देतो.

प्रश्नपत्रिका पाहिली. गाडीच्या गणितापाशी तुझी पेन्सिलीतली मांडणी आहे, एककं नीट बदललेली. पाचवा प्रश्न तोच तांब्याच्या भांड्याचा, चार गुणांचा. शेजारी चव्वेचाळीस लिहून खोडलंयस, खाली पन्नास. मला कशाला पाठीशी घालतेस पोरी?

आता माझं ऐक. मला हे परीक्षेच्या आधीच कळलं होतं. कापड रंगवायच्या कारखान्यात वीस वर्षं मी नव्या लोकांवर ओरडतोय, की गार टाकीत गरम रंग ओतू नका, टाकी उष्णता पिते, आधी तापवून घ्या. दोन मार्चला तेच ओरडता ओरडता माझी जीभ अडखळली. टाकी पिते, मग भांडं काय उपाशी बसतं? घरी येऊन तुला पोस्टकार्ड लिहिलं, अख्खं गणित मांडलं. आणि टाकलं नाही. वाटलं, मामा चुकतो हे कळल्यावर पोरगी पुढे ऐकेल का माझं? असलं गणित परीक्षेत येतंय कशाला, अशी मनाची समजूत घातली. कार्ड सदऱ्याच्या खिशातून कपाटात गेलं. टपालपेटी दाराबाहेर वीस पावलांवर होती गं.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय. कार्ड आणि लाल पेन्सिल दोन्ही सोबत पाठवतोय. मी आता कुणाचं गणित तपासणार नाही. जमलं तर मामा म्हण.

अपराधी,
मामा

२१ एप्रिल

ती. मामांस सा. न.

राग आला. खूप आला. चार दिवस झाकणं आवळताना तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. नुसती चूक असती तर हसले असते मी, पण तुम्ही गप्प बसलात.

पण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आमच्या सरांनी चव्वेचाळीसच बरोबर म्हणून सांगितलं होतं. मी तुम्हाला कळवलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. परीक्षेत बरोबर उत्तर लिहिलं, आणि मामा कसे चुकतील म्हणून माझ्याच हाताने खोडलं. वर गाडीच्या गणिताची थाप मारली. तेव्हा सगळं पाप एकट्याने घेऊन बसू नका.

पुढच्या मार्चला परत बसणार आहे. दर रविवारी दहा गणितं हवीत, सबबी चालणार नाहीत. पेन्सिल मधोमध कापून अर्धी परत पाठवतेय. तुम्ही माझी तपासा, मी तुमची.

सुरुवात मीच केलीय. तुमचं कार्ड तपासून सोबत ठेवलंय. गणित पूर्ण बरोबर आहे, बरोबरची खूण केलीय. लाल रेघ फक्त तारखेखाली मारलीय.

पत्राची वाट पाहते. या वेळी पेटीपर्यंत जा.

तुमचीच,
खारूताई